टॉर्क पाना

नट किंवा बोल्ट आवळताना त्याला दिला जाणारा पीळ मोजून दाखविणारे, अथवा आधी ठरविलेली पिळाची मर्यादा गाठल्याची सूचना देणारे हत्यार. वस्तूला अक्षाभोवती फिरविण्याच्या प्रेरणेच्या क्षमतेस पीडन परिबल किंवा टॉर्क म्हणतात. प्रेरणा व अक्षापासून तिचे लंब अंतर यांच्या गुणाकाराने ते मिळते. ते न्यूटन-मीटर या एककात मांडतात. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर व पौंड-फूट ही एकके आढळतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सु. ९.८१ न्यूटन-मीटर, तर १ पौंड-फूट म्हणजे सु. १.३६ न्यूटन-मीटर होय.

बोल्ट किती आवळावा हे शतकभराहून अधिक काळ कारागिराच्या हातालाच ठाऊक असे. हे हाताचे ज्ञान मोजमापाखाली आणण्याचा प्रयत्न म्हणून या पान्याचा इतिहास लक्षणीय आहे. त्याच्यामुळे कोठेही उमेदवारी न केलेल्या वाहनमालकाला घरच्या घरी दुरुस्ती करताना एक विश्वसनीय आधार मिळाला. तथापि पाना पीळ मोजतो, बोल्टातील ताण मोजत नाही. हा भेद न कळल्यास अचूक पाना हाती असूनही बोल्ट तुटू शकतो किंवा सैल राहू शकतो. म्हणून या पान्याचा वापर शिकणे म्हणजे मुख्यतः तो काय सांगत नाही हे शिकणे होय.

तत्त्व : आवळलेला बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच असते. नट फिरविल्यावर बोल्ट किंचित लांबतो व पूर्वस्थितीवर येण्याच्या त्याच्या प्रवृत्तीमुळे जोडलेले भाग परस्परांवर दाबले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे. दाब कमी पडल्यास कंपनाने नट सुटतो, गास्केटमधून तेल वा वायू झिरपतो व बोल्टावर वारंवार बदलता भार येऊन तो थकव्याने तुटतो. दाब जास्त झाल्यास बोल्ट कायमचा ताणला जातो किंवा मऊ धातूतील आटे जातात.

१० मिमी. व्यासाच्या व ८.८ बलवर्गाच्या पोलादी बोल्टात सु. २५ किलोन्यूटन, म्हणजे स्थूलमानाने अडीच टन वजनाइतका, ताण निर्माण करणे योग्य समजतात. अशा बोल्टाच्या ५० मिमी. लांबीत या ताणाने होणारी वाढ केवळ ०.१ मिमी.च्या आसपास असते. ती डोळ्यांना दिसत नाही व साध्या पट्टीने मोजता येत नाही. त्यामुळे लांबीऐवजी पीळ मोजण्याचा अप्रत्यक्ष मार्ग रूढ झाला. कोरड्या आट्यांच्या अशा बोल्टास त्यासाठी सु. ५० न्यूटन-मीटर इतके पीडन परिबल लागते.

या अप्रत्यक्ष मार्गातील मुख्य अडचण घर्षणाची आहे. दिलेल्या पिळापैकी सर्वसाधारणपणे निम्मा भाग बोल्टाच्या डोक्याखालील किंवा नटाखालील घर्षणात व सु. ४० टक्के भाग आट्यांतील घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्याच्या कामी जेमतेम १० टक्के येतो. घर्षण थोडे बदलले तरी ताणात मोठा फरक पडतो तो यामुळेच. वरील बोल्टाच्या आट्यांना तेल लावून तोच ५० न्यूटन-मीटर पीळ दिला, तर ताण २५ ऐवजी सु. ३३ किलोन्यूटनांपर्यंत, म्हणजे बोल्टाच्या सुरक्षित मर्यादेच्या अगदी काठापर्यंत जाऊ शकतो. दोन्ही वेळा पाना मात्र एकच आकडा दाखवितो.

पूर्वेतिहास : इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्ली (१७७१–१८३१) यांनी १८०० च्या सुमारास मळसूत्र कापण्याचे अचूक लेथ यंत्र प्रचारात आणले. त्यांच्याच कारखान्यात काम केलेले जोझेफ व्हिटवर्थ (१८०३–८७) यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाच्या आट्यांची प्रमाणभूत पद्धती सुचविली. अमेरिकेत विल्यम सेलर्स (१८२४–१९०५) यांनी १८६४ मध्ये ६०° कोनाच्या आट्यांची पद्धती मांडली. त्यामुळे एका कारखान्यातील नट दुसऱ्या कारखान्यातील बोल्टावर बसू लागला. आट्यांचे माप अशा रीतीने ठरले. आवळण्याचे माप मात्र ठरले नाही.

ते काम पान्याच्या लांबीवर व कारागिराच्या सवयीवर सोपविलेले होते. लहान बोल्टाचा पाना आखूड व मोठ्या बोल्टाचा लांब करण्याची प्रथा सोयीपुरती नव्हती. सामान्य माणसाच्या हाताच्या जोराने बोल्टाला बेताचाच पीळ मिळावा, हा तिच्यातील हेतू होता. उमेदवार वर्षानुवर्षे उस्तादाच्या शेजारी उभा राहून नट बसल्यावर आणखी किती ओढायचे ते शिके. हे ज्ञान शब्दांत सांगता येत नसे. काही बोल्ट तोडल्याखेरीज ते पुरेसे अंगवळणीही पडत नसे.

हाताच्या या अंदाजालाही मर्यादा होत्या. बिडाच्या जाड भागांत व मोठ्या बोल्टांत थोडी चूक खपून जाई. मोटारगाडीच्या प्रसारानंतर परिस्थिती बदलली. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीमुळे सुटे करता येणारे सिलिंडर शीर्ष सर्वत्र परिचित झाले. शीर्ष व ठोकळा यांच्यामधील गास्केट सर्व बाजूंनी सारख्या दाबाने धरले जाणे आवश्यक असते. एंजिनांतील दाब जसजसा वाढत गेला व ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंचा वापर जसजसा होऊ लागला, तसतसा विषम आवळणीचा दोष महागात पडू लागला. शिवाय कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी करणारे हजारो कामगार उस्तादाच्या हाताखाली तयार झालेले नव्हते.

शोध व विकास : टॉर्क पान्याची कल्पना प्रथम मोटारीसाठी नव्हे, तर नळजोडणीसाठी पुढे आली. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणारे कॉनरॅड बार यांना जमिनीखालील पाण्याच्या व वाफेच्या नळांचे बोल्ट दुरुस्तीच्या वेळी अति आवळले जातात असे आढळले. त्यावरील उपाय म्हणून १९१८ मध्ये त्यांनी असा पाना तयार केल्याचे सांगितले जाते. बार व जॉर्ज फेफर्ले यांना मर्यादा बदलता येणाऱ्या व ती गाठल्यावर आवाज करणाऱ्या पान्याचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले.

वाकणाऱ्या दांडीच्या साध्या पान्याचा विकास १९२०–३० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर अमेरिकेतील क्रायस्लर या मोटार कंपनीच्या संदर्भात झाला. पॉल स्टर्टेव्हंट यांनी १९३८ मध्ये अशा पान्याचे एकस्व मिळविले व त्याची विक्री सुरू केली. त्याच साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे विद्युत् रोधावर आधारित विकृतिमापक शोधून काढला. पुढे इलेक्ट्रॉनिकीय टॉर्क पान्यांत या मापकाचा उपयोग झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांची एंजिने मोठ्या संख्येने व नव्या कामगारांकडून जोडून घ्यावी लागली. त्यामुळे आवळणीचे आकडे लिहून देण्याची व ते पान्याने तपासण्याची पद्धत पक्की झाली. युद्धानंतर ती मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात सर्वत्र पोहोचली आणि वाहनांच्या दुरुस्तिपुस्तिकांत पीडन परिबलांचे स्वतंत्र कोष्टक येऊ लागले.

प्रकार : दांडीच्या पान्यात मुख्य दांडी जोराने किंचित वाकते व तिच्यालगतचा मोकळा काटा हातवाटीजवळच्या पट्टीवर पीळ दाखवितो. यात झिजणारे भाग जवळजवळ नसतात. काटा पट्टीच्या शून्यावर राहत असेल तर पाना सहसा बिघडलेला नसतो. मात्र काटा समोरूनच वाचावा लागतो. बाजूने पाहिल्यास वाचनात चूक होते. तबकडीच्या पान्यात हेच वाचन तबकडीवर मिळते.

‘क्लिक’ पान्यात मूठ फिरवून आतील स्प्रिंगवरचा दाब ठरवितात. ठरविलेला पीळ गाठताच आतील ठोकळा आपल्या जागेवरून निसटतो. त्या वेळी टक् असा आवाज येतो व हाताला हलका झटका जाणवतो. अडचणीच्या जागी, जेथे पट्टी वाचता येत नाही, तेथे हा पाना सोयीचा ठरतो. मात्र आवाज ऐकूनही ओढत राहिल्यास पीळ वाढतच जातो. पाना त्याला अडवीत नाही. इलेक्ट्रॉनिकीय पान्यात आकडा पडद्यावर दिसतो व काही पान्यांत नट किती अंशांतून फिरला हेही कळते.

हाताने वापरावयाच्या टॉर्क पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. १० न्यूटन-मीटरहून अधिक क्षमतेच्या क्लिक पान्यास त्यानुसार ४ टक्क्यांपर्यंत, तर दांडीच्या साध्या पान्यास ६ टक्क्यांपर्यंत चूक क्षम्य असते. वेगळी सूचना नसल्यास बारा महिन्यांनी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर पाना पुन्हा तपासून घेणे अपेक्षित असते.

घरगुती दुरुस्तीत प्रवेश : अमेरिका व ब्रिटन या देशांत युद्धोत्तर काळात खाजगी मोटारी वाढल्या, गॅरेजातील मजुरी महागली व पुष्कळ घरांना गाडी ठेवण्याची स्वतंत्र जागा होती. त्यामुळे मालकाने स्वतः दुरुस्ती करण्याची प्रथा फोफावली. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स (१९३८–२०१९) यांनी ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवरील दुरुस्तिपुस्तिका १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. गाडी प्रत्यक्ष खोलून, छायाचित्रे घेऊन व ती पुन्हा जोडून पुस्तिका तयार करण्याची त्यांची पद्धत पुढे अनेक गाड्यांना लागू झाली. या पुस्तिकांत प्रकरणाच्या आरंभी दिलेले आवळणीचे आकडे हा एरवी कारखान्याच्या कागदपत्रांत राहणाऱ्या माहितीचा सार्वजनिक झालेला भाग होता. अमेरिकेत जॉन म्यूर (१९१८–७७) यांचे फोक्सवॅगन गाड्यांच्या दुरुस्तीवरील पुस्तक १९६९ मध्ये निघाले. यांत्रिक ज्ञान मुळीच नसलेल्या मालकाला समोर ठेवून ते लिहिलेले होते.

फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ या गाडीच्या मागील आसाचा नट हे या संदर्भात नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. तिच्या १,६०० घ. सेंमी. एंजिनाच्या गाडीतील या नटास २१७ पौंड-फूट, म्हणजे सु. ३० किलोग्रॅम-मीटर पीळ द्यावा लागे. घरगुती पान्याची क्षमता बहुधा इतकी नसते. अशा वेळी दांडा आडवा ठेवून ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाने आसापासून अर्ध्या मीटरवर आपला सर्व भार हळूहळू सोडला, तर नेमका तेवढाच पीळ मिळतो. नटातील खाच व आसातील भोक जुळत नसल्यास नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावयाचा असतो. पीडन परिबल म्हणजे प्रेरणा व अंतर यांचा गुणाकार, हे तत्त्व अशा कामातून अनेकांना प्रथमच प्रत्यक्ष उमगले.

वापराचे शिक्षण : नवशिक्याची पहिली चूक बहुधा मोठ्या नटावर न होता लहान बोल्टावर होते. ६ मिमी. व्यासाच्या सामान्य बोल्टास सु. १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. २० सेंमी. लांबीच्या पान्यावर त्यासाठी जेमतेम ५ किग्रॅ. वजनाइतका जोर लागतो. सवयीने त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर सहज लागतो व बोल्ट तुटतो. म्हणून सर्व कामांसाठी एकच मोठा पाना न वापरता लहान व मोठ्या पिळांसाठी वेगवेगळे पाने वापरतात. कोणत्याही पान्याच्या मापपट्टीच्या अगदी खालच्या टोकाचे वाचन कमी भरवशाचे असते.

काम सुरू करण्यापूर्वी आटे तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावे लागतात. नट प्रथम हाताने, नंतर साध्या पान्याने बसवितात व शेवटच्या आवळणीसाठीच टॉर्क पाना घेतात. पुस्तिकेतील आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे पाहणे अत्यावश्यक असते. एककाकडे दुर्लक्ष झाल्यास चूक फार मोठी होते. १० किलोग्रॅम-मीटर हा आकडा पौंड-फुटांचा समजल्यास नटाला आवश्यक पिळाचा सातवा हिस्साच मिळतो.

मुठीच्या मध्यावर धरून पाना धीमेपणाने व सलग ओढावा लागतो. झटका दिल्यास मर्यादा ओलांडली जाते. ओढताना मध्येच थांबल्यास स्थिर घर्षणामुळे नट न फिरताच पान्याचा आवाज येऊ शकतो. खात्री म्हणून दोन-तीनदा आवाज काढण्याची सवय नवशिक्यांत सर्रास आढळते. तिने बोल्ट दर वेळी थोडा अधिक आवळला जाण्याचा धोका असतो. गोटी व पाना यांच्यामध्ये अक्षाच्या दिशेने लावलेल्या सरळ जोडदांड्याने पीळ बदलत नाही. मात्र पान्याच्या पुढच्या टोकाला लांबीच्या दिशेने आकडीचा जोड लावल्यास तो बदलतो. ५० सेंमी. लांबीच्या पान्यास ५ सेंमी.चा असा जोड लावला, तर नटाला १०० न्यूटन-मीटर पीळ मिळण्यासाठी पाना सु. ९१ वर ठेवावा लागतो. तोच जोड काटकोनात लावल्यास हा फरक जवळजवळ उरत नाही.

क्रमालाही तितकेच महत्त्व असते. सिलिंडर शीर्षाचे बोल्ट सामान्यतः मध्यापासून कडेकडे व दोन-तीन टप्प्यांत आवळतात. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळतात. लहान मोटारगाडीच्या चाकाच्या नटांना सामान्यतः ८० ते १२० न्यूटन-मीटर पीळ सांगितलेला असतो. तो विषम असल्यास चाक नीट बसत नाही व ब्रेकची चकती वाकडी फिरू लागते. चाक बसविल्यावर काही किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा तपासणे हितावह असते.

क्लिक पाना नट सोडविण्यासाठी वापरू नये, काम संपल्यावर तो मापपट्टीच्या किमान आकड्यावर आणून ठेवावा व पडल्यास तपासून घ्यावा, असे संकेत आहेत. घरी ढोबळ तपासणीही करता येते. पान्याचे चौकोनी टोक बाकावरील शेगड्यात धरून पाना आडवा ठेवतात व टोकाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर १० किग्रॅ. वजन टांगतात. त्यामुळे होणारा पीळ सु. ४९ न्यूटन-मीटर असतो. काटेकोर हिशेबात त्यात पान्याच्या स्वतःच्या वजनाचा परिणाम मिळवावा लागतो.

भारतातील परिस्थिती : भारतात वाहनदुरुस्तीचे ज्ञान दीर्घकाळ गॅरेजातील उस्ताद–शागीर्द परंपरेने चालत आले. १९५० मध्ये सुरू झालेली शासनाची कारागीर प्रशिक्षण योजना व १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम यांमुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून त्याला अभ्यासक्रमाचे रूप मिळाले. मापांचा प्रश्न मात्र काही काळ गुंतागुंतीचा होता. १९५६ च्या अधिनियमानंतर १९५८ पासून देशात दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी रस्त्यावरील वाहने निरनिराळ्या देशांच्या आराखड्यांवर बेतलेली होती. मुंबईत तयार होणारी विलिस पद्धतीची जीप इंची आट्यांची, तर कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडणारी फिआट मिलिमीटर आट्यांची होती. त्यामुळे एकाच गॅरेजात दोन्ही मापांचे पाने व गोट्या बाळगाव्या लागत.

घरगुती दुरुस्ती येथे मोटारीपेक्षा दुचाकीवरच अधिक झाली. १९७२ मध्ये आलेली ‘चेतक’ व तिच्यासारख्या द्विधाव एंजिनाच्या स्कूटरींचा स्पार्क प्लग काजळीने वारंवार भरे. तो काढून साफ करणे हे काम मालक रस्त्याच्या कडेलाही उरकीत असत. पोलादी प्लग ॲल्युमिनियमाच्या शीर्षात बसत असल्याने तो वाकडा लावून किंवा जोराने आवळून आटे गेल्याची उदाहरणे घडत. दुरुस्तीचा खर्च मग प्लगच्या किंमतीच्या कितीतरी पट होई. टॉर्क पाना अशा मालकांच्या आवाक्यात क्वचितच होता. बोटांनी प्लग शेवटपर्यंत फिरविणे व मगच पाना लावणे, हा अनुभवी कारागिरांनी दिलेला धडा त्याच्याऐवजी कामी येई. पाना स्वस्त झाल्यावरही या धड्याचे महत्त्व कमी झालेले नाही. वाकड्या चढलेल्या आट्यांचे घर्षण पाना योग्य पीळ म्हणूनच दाखवितो.

मर्यादा व पुढील विकास : पीळ व ताण यांतील अनिश्चित संबंध अभियंत्यांच्या लवकरच ध्यानात आला. अमेरिकेत रिव्हेट व बोल्ट यांच्या जोडांवरील संशोधनासाठी १९४७ मध्ये एक परिषद स्थापन झाली व तिचे पहिले विनिर्देश १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. पोलादी इमारतींच्या बोल्टांसाठी आरंभी पिळाचे मापन वापरले गेले. पुढे नट घट्ट बसल्यानंतर ठराविक भाग फेरा देण्याची पद्धत प्रचारात आली. फेऱ्याचा कोन बोल्टाच्या लांबण्याशी थेट निगडित असल्याने घर्षणाचा परिणाम त्यात बराच कमी होतो. जुना कारागीर नट बसल्यावर पाव फेरा देत असे, त्या रीतीला अशा प्रकारे शास्त्रीय आधार मिळाला.

हीच कल्पना मोटार एंजिनांत आली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अनेक एंजिनांच्या सिलिंडर शीर्षाच्या बोल्टांना आधी ठराविक पीळ व नंतर ठराविक कोन देण्याची पद्धत रूढ झाली. यांतील काही बोल्ट मुद्दाम स्थितिस्थापकतेच्या सीमेपलीकडे ताणले जातात. ते एकदा काढल्यावर पुन्हा वापरावयाचे नसतात. घरी दुरुस्ती करणाऱ्याने ही सूचना न वाचल्यास पाना अचूक असूनही जोड निकामी होतो.

नेहमीच्या परिस्थितीत उत्तम टॉर्क पान्याने आवळलेल्या बोल्टांच्या ताणातही २५ ते ३० टक्क्यांचा फरक पडू शकतो. तरीही नुसत्या अंदाजापेक्षा हा पाना उपयुक्त ठरतो, कारण एकाच जोडातील सर्व बोल्टांना तो जवळपास सारखी वागणूक देतो आणि नवशिक्याच्या हाताला मर्यादा घालतो. त्याच्या वापराने कारागिराचे कौशल्य अनावश्यक झालेले नाही. मनगटाच्या अंदाजातून ते आट्यांची स्वच्छता, आवळणीचा क्रम, एककांचे भान व पुस्तिकेचे काळजीपूर्वक वाचन यांकडे वळले आहे. या गोष्टी लिहून देता येतात व वाचून शिकता येतात. घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने टॉर्क पान्याचे महत्त्व त्यातच आहे.